६३८ म्हणजे रांगेतला नंबर नव्हे

२०१० च्या जून महिन्यात दादाने न्यू जर्सीहून एक पत्र स्कॅन करून पाठवलं. अमेरिकेचा नागरिक या नात्याने त्याने माझ्या ग्रीनकार्डासाठी अर्ज केला होता, त्याचं. वरच्या कोपऱ्यात केस नंबर होता: बीएमबी२०१०६३८ आणि त्यापुढे आणखी तीन आकडे. मी बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढलेली बाई. नंबर दिसला की आपल्या आधी किती जण आहेत, हे मनात आपोआप मोजलं जातं. ह्यांना म्हटलं, "अहो, २०१० सालातला आपला सहाशे अडतिसावा नंबर. पुढे फक्त ६३७ जण. दोन-तीन वर्षांत होऊन जाईल." हॉलला रंग द्यायचं ठरत होतं, तो बेत ह्यांनी त्याच आठवड्यात रद्द केला. आता जायचंच आहे तर कशाला खर्च? रंग शेवटी २०१४ मध्ये दिला. आणि २०२१ मध्ये परत दिला.

त्या ६३८ चा रांगेशी काडीचा संबंध नव्हता. हे कळायला मला लाजिरवाणा वेळ लागला. भावाने बहिणीसाठी किंवा मुलाने आई-वडिलांसाठी अर्ज केलेली पुष्कळ घरं आपल्याकडे आहेत, आणि सगळीकडे फोनवर हेच प्रश्न फिरतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

या प्रकरणात तुमच्या हातात दोन नंबर येतात आणि दोन्ही तेरा अक्षरांचे असतात. गोंधळाचं मूळ तिथेच आहे. पहिला नंबर यूएससीआयएसचा, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा. त्याला रिसीट नंबर म्हणतात. तुमच्या माणसाने तिकडे आय-१३० हा नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज भरला, फी भरली, की त्याला आय-७९७ नावाचं पत्र येतं आणि त्यावर हा नंबर असतो. दुसरा नंबर एनव्हीसीचा, म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरचा. हे कार्यालय न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला आहे. अर्ज मंजूर झाला की फाइल तिकडे जाते आणि तिथे तिला नवा केस नंबर मिळतो. आपण ज्याला "केस नंबर" म्हणतो तो हा दुसरा. पहिला नंबर दुसऱ्याच्या रकान्यात टाकून "इनव्हॅलिड" आलं म्हणून रडवेले झालेले दोन जण तरी माझ्या ओळखीत आहेत.

आधी आमचा रिसीट नंबर उलगडून दाखवते. ईएसी-०६-०९१ आणि पुढे पाच आकडे. ईएसी ही तीन अक्षरं व्हरमाँटच्या सर्व्हिस सेंटरची. डब्ल्यूएसी असेल तर कॅलिफोर्निया, एलआयएन म्हणजे नेब्रास्का, एसआरसी म्हणजे टेक्सस. ०६ म्हणजे २००६ हे आर्थिक वर्ष. पण आपलं एप्रिलचं नव्हे, अमेरिकन सरकारचं, जे १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणजे ऑक्टोबर २००५ मध्ये नोंदलेल्या अर्जालाही ०६ च लागणार. ०९१ म्हणजे त्या वर्षातला कामकाजाचा ९१ वा दिवस. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या सोडून मी वहीवर मोजत गेले, तर १४ फेब्रुवारी २००६ च्या आसपास पोचले. शेवटचे पाच आकडे त्या दिवशीचा अनुक्रम.

आता गंमत अशी की दादाचा अर्ज त्यांच्याकडे पोचला होता ९ फेब्रुवारीला. कॉम्प्युटरवर चढवायला मधले काही दिवस गेले. आय-७९७ वर "प्रायॉरिटी डेट" नावाचा वेगळा चौकोन असतो, त्यात ९ फेब्रुवारी २००६ असंच छापलंय. आणि रांगेत चालते ती हीच तारीख. नंबरातून तारीख काढायचा खेळ हरवलेल्या कागदाचा अंदाज घेण्यापुरता बरा. कागद हातात असेल तर चौकोन बघा, बोटं मोजत बसू नका. ज्यांचा नंबर आयओईने सुरू होतो (हल्ली बहुतेकांचा तोच असतो) त्यांनी तर हा खेळ खेळूच नये. त्या नंबरांत वर्ष आणि दिवस असा हिशेब बसत नाही. आणि आयओईमधला ओ हा अक्षर ओ आहे, शून्य नव्हे. हे मी फोनवर किमान दहा वेळा सांगितलं असेल.

आता दुसरा, ज्याने आमच्या हॉलचा रंग चार वर्षं लांबवला. बीएमबी म्हणजे बॉम्बे. शहराचं नाव १९९५ मध्ये मुंबई झालं, पण अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या कोडात बॉम्बे अजून जिवंत आहे. व्हिसाची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये, एवढाच त्या तीन अक्षरांचा अर्थ. पुढचं २०१० हे वर्ष म्हणजे एनव्हीसीने फाइल उघडली ते वर्ष. आपण अर्ज केला ते नव्हे, मुलाखत होईल ते तर नव्हेच. मग ६३८. वर्षात दिवस ३६५, मग ६३८ कुठून आले? एनव्हीसी वर्षातल्या दिवसाच्या क्रमांकात ५०० मिळवते. कॉन्सुलेटने स्वतः उघडलेल्या केसपेक्षा आपली केस वेगळी ओळखू यावी म्हणून. ६३८ मधून ५०० वजा केले की उरले १३८. कालनिर्णय घेऊन बसले: जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, झाले १२०. वर अठरा. १८ मे २०१०. शेवटचे तीन आकडे म्हणजे त्या दिवशी उघडलेल्या फाइलींमधला आपला क्रम.

थोडक्यात, माझा तो सहाशे अडतिसावा नंबर म्हणजे पोर्ट्समथच्या एका कारकुनाने आमच्या फाइलला कव्हर घातलं तो मंगळवार होता.

मग रांग कुठे आहे? रांग आहे व्हिसा बुलेटिनमध्ये. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला, पुढच्या महिन्यासाठीचं, हे पत्रक काढतं. त्यात तुमची कॅटेगरी शोधायची. सिटिझनच्या भावा-बहिणींची एफ-फोर. सिटिझनच्या अविवाहित सज्ञान मुलांची एफ-वन, विवाहित मुलांची एफ-थ्री. ग्रीनकार्डवाल्यांच्या नवरा-बायको आणि लहान मुलांची एफ-टू-ए, त्यांच्या अविवाहित मोठ्या मुलांची एफ-टू-बी. मग उजवीकडे सरकत "इंडिया" लिहिलेल्या स्तंभात यायचं. तिथे एक तारीख असते. तुमची प्रायॉरिटी डेट त्या तारखेच्या आधीची असेल तरच नंबर लागला. तीच तारीख असेल तरी नाही, एक दिवस आधीची हवी. "सी" असेल तर सगळ्यांसाठी खुलं, "यू" असेल तर त्या महिन्यात व्हिसा नाही.

अशी दोन कोष्टकं असतात. ए म्हणजे फायनल ॲक्शन, यावर व्हिसा मिळतो. बी म्हणजे डेट्स फॉर फाइलिंग, ही तारीख बहुधा पुढची असते आणि तिचा अर्थ एवढाच की आता कागदपत्रं गोळा करून पाठवायला लागा. आमच्या मावसबहिणीच्या जावयाने बी कोष्टक बघून पेढे वाटले होते. पेढे छान होते, पण सव्वा वर्ष आधी वाटले.

एवढा वेळ का लागतो ते दोन आकड्यांत सांगता येतं. एफ-फोरसाठी जगभर मिळून वर्षाला ६५ हजार व्हिसा, आणि कुठल्याही एका देशाला एकूण कोट्याच्या ७ टक्क्यांवर जाता येत नाही. भारतातून अर्ज करणारे किती, ते आपल्या गल्लीवरून ओळखा. २०२५ मध्ये भारताच्या एफ-फोर रांगेत २००६ चे अर्ज चालले होते. आणि तारीख कायम पुढेच जाते असंही नाही. महिनोन् महिने ती जागची हलत नाही आणि कधीकधी चक्क मागे येते. वर्षाचा कोटा संपत आला की असं होतं. तुमच्या फाइलमध्ये काही बिघडलंय म्हणून नव्हे.

याच मावसबहिणीमुळे मला केस नंबर आणि रांग यांतला फरक खरा पटला. तिच्या मुलीने सिटिझन झाल्यावर आईसाठी अर्ज केला. मावसबहिणीचा केस नंबर बीएमबी२०२२ ने सुरू होणारा, माझा बीएमबी२०१०. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी "मागे" असलेली ती माझ्याआधी मुलाखतीला गेली. मला आत कुठेतरी लागलं, खोटं कशाला बोलू. पण सिटिझनचे आई-वडील, नवरा-बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं यांना कोटाच नाही, त्यांना बुलेटिन बघावंच लागत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर दोघांचे केस नंबर शेजारी ठेवून "त्यांचा आला, माझा का नाही" असं विचारू नये. विचारायचंच तर कॅटेगरी आणि प्रायॉरिटी डेट विचारा.

आणखी एक गोंधळ. बुलेटिनच्या खालच्या भागात आशिया, आफ्रिका असे विभाग आणि त्यांच्यापुढे हजारांतले आकडे दिसतात. तिथे मात्र केस नंबर हीच रांग असते. पण तो भाग डायव्हर्सिटी लॉटरीचा, म्हणजे ग्रीनकार्डाच्या सोडतीचा आहे आणि भारतात जन्मलेल्यांना ती लॉटरी लागू नाही. यूट्यूबवर "अमुक आकड्यापर्यंतचे केस नंबर करंट" असं सांगणारे व्हिडिओ बहुतेक त्या लॉटरीचे असतात. २०१६ साली एका एजंटाने आमचा केस नंबर "पुढे सरकवून" देण्याचे ४० हजार सांगितले होते. मला तोवर ५०० वजा करता येत होतं. त्याला विचारलं, १८ मे ही तारीख सरकवून तुम्ही कुठे नेणार? चहा अर्धा ठेवून गेला.

आता ज्या जागी या आकड्यांनी आमचं घर खरोखर वाचवलं, तिथे येते. मुलगा जानेवारी २००० चा. दादाने अर्ज केला तेव्हा सहा वर्षांचा, दुधाचे दात पडत होते. २०२४ च्या अखेरीस आमची तारीख लागली तेव्हा पावणेपंचवीसचा, दाढीवाला. माझ्यासोबत व्हिसा मिळायला मूल २१ च्या आत आणि अविवाहित हवं. आम्ही धरूनच चाललो होतो की तो मागे राहणार. ह्यांनी तर "आपण दोघं जाऊन काय करायचं" इथपर्यंत आणलं होतं.

पण २००२ चा एक कायदा आहे, चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट. त्यात असं आहे की आय-१३० यूएससीआयएसकडे जितके दिवस पडून राहिला, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करायचे. पुढे कोट्याच्या रांगेत गेलेली वर्षं नव्हेत, फक्त अर्ज दाखल होण्यापासून मंजूर होण्यापर्यंतचे दिवस. दाखल ९ फेब्रुवारी २००६, मंजुरीचं पत्र २२ मार्च २०१० चं. मधले दिवस १,५०२. ज्या चार वर्षांच्या दिरंगाईला आम्ही शिव्या घालत होतो, तीच उपयोगी पडली. २४ वर्षं आणि जवळजवळ नऊ महिने, त्यातून ४ वर्षं दीड महिना गेला, राहिले वीस वर्षं सात-आठ महिने. कायद्याच्या लेखी पोरगा एकविशीच्या आत. बुलेटिन आणखी पाच-सहा महिने रेंगाळलं असतं तर गणित हुकलं असतं.

म्हणून सांगते, आय-७९७ ची दोन्ही पत्रं जपा, पोच मिळालेलं आणि मंजुरीचं. त्या दोन तारखांमधलं अंतर तुमच्या मुलांच्या नावावरची ठेव आहे. वय मोजायचं ते ए कोष्टकात तारीख लागते तेव्हाचं. आणि एवढ्यावर भागत नाही. तारीख लागल्यापासून एका वर्षाच्या आत मुलाच्या नावाने पाऊल उचललेलं दिसलं पाहिजे, म्हणजे त्याची व्हिसा फी भरणं किंवा त्याचा डीएस-२६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरणं. मुलगा मधल्या काळात लग्न करून बसला तर सगळंच संपलं. आमच्याकडे एक स्थळ चांगलं चाललं होतं. मुलीकडच्यांना खरं काय ते सांगितलं, त्यांनी थांबायचं कबूल केलं. भली माणसं.

तारीख जवळ आली की एनव्हीसी पुन्हा पत्र पाठवते, हल्ली ईमेलने. यात केस नंबरच्या जोडीला आणखी एक नंबर असतो, इनव्हॉइस आयडी. केस नंबर म्हणजे खातं क्रमांक आणि इनव्हॉइस आयडी म्हणजे पिन, असं समजा. हे दोन्ही ज्याच्या हाती, तो तुमच्या फाइलमध्ये शिरला. कुटुंबाच्या ग्रुपवर त्या पत्राचा फोटो टाकणाऱ्यांना मी लगेच फोन करून डिलीट करायला लावते.

आमचं हे पत्र आलंच नव्हतं. चूक आमचीच. मधल्या चौदा वर्षांत दादाने दोन घरं बदलली, जुनी ईमेल बंद केली आणि एनव्हीसीला कळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी त्यांच्या वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म आहे, तो भरला: केस नंबर, रिसीट नंबर, दादाचं आणि माझं नाव, जन्मतारखा. केस नंबर हरवला असेल तरी रिसीट नंबरवरून सापडतो. हे हलकं घेऊ नका. व्हिसा उपलब्ध झाल्याचं कळवल्यानंतर वर्षभर तुमच्याकडून काहीच हालचाल नसेल, तर केस रद्द करायची कायद्यात सोय आहे. मी आता दर सहा महिन्यांनी एकदा लॉगिन करते आणि वहीत तारीख टाकते.

फीचं थोडक्यात. व्हिसाची फी माणशी ३२५ डॉलर, आणि दादाच्या हमीपत्राची, म्हणजे आय-८६४ ची, १२० डॉलर एकदाच. आम्ही तिघं एकाच केस नंबरखाली, म्हणून १,०९५ झाले. पैसे अमेरिकन बँकेच्या खात्यातूनच जातात, त्यामुळे दादानेच भरले. बँकेत इतकी वर्षं काढून मला स्वतःची फी भरता आली नाही, याची थोडी चुटपुट राहिली. डीएस-२६० भरल्यावर प्रत्येकाला एए ने सुरू होणारा कन्फर्मेशन नंबर मिळतो. त्याचं पान छापून ठेवा, मुलाखतीला लागतं.

सगळी कागदपत्रं तपासून पास झाली की "डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड" असा मेल येतो. आमचा एप्रिल २०२५ मध्ये आला. तिसऱ्या खेपेला, कारण माझ्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी होती. त्या काळात बाळाचं नाव दाखल्यावर नंतर घालायची पद्धत होती आणि मग ते राहूनच जायचं. आता इथून दुसरी रांग सुरू होते आणि तिलाही केस नंबर चालत नाही. प्रायॉरिटी डेट ए कोष्टकात बसलेली हवी, आणि अशा बसलेल्यांमध्ये ज्याची कागदपत्रं आधी पूर्ण, त्याला मुलाखत आधी. म्हणून बी कोष्टकात तारीख आली की लगेच कागदांमागे लागा. जन्मदाखला कोरा असेल तर आजच नगरपालिकेत जा.

केसची स्थिती सीइएसी नावाच्या वेबसाइटवर दिसते. तिथे केस नंबर सलग टाकायचा, मध्ये रेघ किंवा जागा न ठेवता. "ॲट एनव्हीसी" म्हणजे फाइल अजून पोर्ट्समथला. "इन ट्रान्झिट" म्हणजे मुंबईच्या वाटेवर. "रेडी" म्हणजे कॉन्सुलेटकडे आली. "इश्यूड" म्हणजे व्हिसा छापला. आणि एक शब्द असा आहे की तो वाचून माझी मावसबहीण देवघरासमोर बसून राहिली होती: "रिफ्यूज्ड". मुलाखतीत तिच्याकडे पोलीस क्लिअरन्सचा एक कागद कमी होता, अधिकाऱ्याने २२१-जी ची चिठ्ठी दिली आणि कागद पाठवा म्हणून सांगितलं. संध्याकाळी वेबसाइटवर रिफ्यूज्ड. एखादा कागद बाकी असला किंवा तपासणी चालू असली तरी तिथे हाच शब्द येतो. हातातली चिठ्ठी काय सांगते ते वाचायचं, स्क्रीनवरचा शब्द नव्हे. तिने कागद पाठवला, तीन आठवड्यांत इश्यूड झालं.

व्हिसा आल्यावर विमानात बसण्याआधी माणशी २३५ डॉलर यूएससीआयएसला ऑनलाइन भरायचे असतात, ग्रीनकार्डासाठी. तिथे हाच केस नंबर लागतो आणि जोडीला ए-नंबर नावाचा आणखी एक, जो व्हिसासोबत कळतो. त्यासाठी वहीत मी एक ओळ कोरी सोडली आहे.

आम्ही अजून मुलाखतीच्या मेलची वाट बघतोय. मेडिकल त्याआधी करायचं नाही, त्याची मुदत मर्यादित असते. पोलीस क्लिअरन्सलाही मुदत असते. रोज सकाळी चहा टाकला की हे मोबाइलवर स्पॅमचा फोल्डर उघडतात, मग सीइएसी उघडून तो नंबर न बघता पाठ टाइप करतात. आणि हॉलच्या भिंतीला खिडकीखाली परत ओल आली आहे.